नायिका डोक्यात जाते, तरी पुस्तक खाली ठेववत नाही: ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’

हेलन फील्डिंग यांच्या या कादंबरीतली पहिली नोंद १ जानेवारीची आहे. तारखेखाली चार आकडे: वजन ९ स्टोन ३ पौंड, दारू १४ युनिट, सिगारेटी २२, कॅलरी ५४२४. मग दिवसभरात काय पोटात गेलं त्याची यादी. चीजच्या चकत्यांची दोन पाकिटं, १४ गार बटाटे, ब्लडी मेरीचे दोन ग्लास (त्यात टोमॅटो असतो म्हणून ते खाण्यात धरलेत), उद्यापासून नव्याने सुरुवात करायची म्हणून आजच संपवून टाकलेली १२ चॉकलेटं, आणि अर्धं पाकीट कोथिंबीर. या यादीच्या आधी दोन पानं संकल्पांची आहेत. ‘हे करणार नाही’ आणि ‘हे करणार’. त्यात एक संकल्प असा की आठवड्याला १४ युनिटपेक्षा जास्त दारू घ्यायची नाही. म्हणजे आठवड्याचा कोटा वर्षाच्या पहिल्याच दिवशी संपला. संकल्पाच्या पानावर बोट ठेवून पुढचं पान उलटलं की दोन्ही चौदा समोरासमोर येतात, आणि लेखिकेने ते मुद्दाम तसे ठेवलेत हे कळतं.

ब्रिजेट लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेत काम करते, तिशी ओलांडलेली आहे, एकटी राहते. ती चिडचिड आणते. साधी नाही, पुस्तक मिटून टेबलावर आपटावंसं वाटेल इतकी. जो माणूस तिला वारंवार टांगून ठेवतो त्याच्याच फोनची वाट बघत शनिवार घालवते. जो नीट बोलतो त्याच्याशी थापा मारते. दर पंधरा दिवसांनी शपथ घेते आणि तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. मैत्रिणी समजावतात, ते पालथ्या घड्यावर पाणी. अशी नायिका प्रेमकथेत खपवून घ्यायची कशी, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या डायरीच्या रचनेत आहे. ब्रिजेट स्वतःबद्दल जे सांगते त्यातलं बरंचसं चुकीचं असतं, पण बरोबर काय ते लेखिका त्याच पानावर, तिच्याच आकड्यांत आणि इतरांच्या चार-दोन वाक्यांत ठेवून जाते. वाचकाला ते उचलता आलं की राग आणि मजा एकाच वेळी येते. हे फार कमी प्रेमकथांना जमलंय.

आकड्यांचं उदाहरण घ्या. आपल्याकडचा वाचक स्टोन-पौंड बघून पुढे सरकतो आणि तिथेच फसतो. एक स्टोन म्हणजे १४ पौंड. म्हणजे ९ स्टोन ३ पौंड म्हणजे १२९ पौंड, सुमारे साडेअठ्ठावन्न किलो. एवढ्या वजनाच्या बाईला कोणी जाडी म्हणणार नाही. आपण जाड आहोत हे मुख्यतः ब्रिजेटच म्हणते. ती रोज म्हणते, म्हणून वाचकही पन्नास पानांत ते धरून चालतो. एप्रिलमध्ये एक नोंद येते: ८ स्टोन ७ पौंड, म्हणजे ५४ किलो. अठरा वर्षं ज्या आकड्यासाठी धडपड केली तो आकडा अखेर काट्यावर दिसतो. ती घट्ट कपडे घालून पार्टीला जाते. तिथे जो तो विचारतो, बरं नाही का? दमलेली दिसतेस. आणि तिचा जिवलग मित्र टॉम नंतर सांगतो की तू आधीच छान दिसायचीस. त्या दोन नोंदींत लेखिका कुठेही भाषण देत नाही. अठरा वर्षांची मेहनत साडेचार किलोंवर येऊन थांबते आणि त्या साडेचार किलोंचा कुणालाच उपयोग नसतो. पुस्तकातली ही सगळ्यात चांगली पानं. इथपर्यंत टिकलेला वाचक सहसा पुस्तक सोडत नाही.

ही गोष्ट पुण्यातल्या वाचकाला परकी वाटायचं काही कारण नाही, कारण ती सुरूच कांदेपोह्यांनी होते. फक्त पोह्यांच्या जागी टर्कीची करी आहे, आणि तीही मटार आणि केळी घातलेली. नववर्षाच्या दिवशी आईच्या मैत्रिणीकडे, उना बाईंकडे, दरवर्षी हा बेत असतो. आई महिनोन् महिने आधीपासून फोनवर सांगत असते की तिथे मार्क डार्सी येणार आहे, मोठा वकील आहे, घटस्फोट झालाय, पैसा आहे. लहानपणी दोघं एकत्र खेळायचात, आठवतं ना? नारायण पेठेत काय किंवा कोथरूडमध्ये काय, ‘तो आपल्याकडे खेळायला यायचा बघ’ हे वाक्य कुठल्या सुरात म्हणतात ते सांगायला नको. उना बाईंचे यजमान दारातच विचारतात, काय मग, कुठवर आलंय? हा आपल्या ‘लाडू कधी?’चाच सख्खा भाऊ. लग्न झालेली जोडपी जेवणाच्या टेबलावर एकट्या मुलीकडे ज्या कीवेने बघतात, त्यांच्यासाठी ब्रिजेटने एक शब्द काढलाय; मराठीत त्याला ‘सुखावलेली जोडपी’ म्हणता येईल. आत्मसंतुष्ट म्हटलं तर जड होतं आणि त्यातला डंख जातो.

मार्क त्या दिवशी पिवळ्या-निळ्या चौकटींचा स्वेटर आणि भुंग्यांची चित्रं असलेले मोजे घालून आलेला असतो. सिनेमा आधी पाहिलेल्यांना हरणाचा स्वेटर आठवत असेल. तो २००१च्या चित्रपटातला, पुस्तकातला नाही. तो विचारतो, हल्ली काही चांगलं वाचलंत का? ती त्या काळी गाजत असलेल्या एका स्त्रीवादी पुस्तकाचं नाव ठोकून देते. प्रत्यक्षात वाचत असते स्त्री-पुरुषांचे स्वभाव समजावून सांगणारं एक खपाऊ पुस्तक. पंचाईत अशी की मार्कने ते स्त्रीवादी पुस्तक वाचलेलं असतं आणि त्यावर त्याचं मतही असतं. इथे ब्रिजेटवर चिडायला होतं, पण जरा थांबून मार्ककडे बघा. आयांनी दोघांनाही कोपऱ्यात ढकललंय, आणि तो शक्य तेवढं सभ्य संभाषण करायला धडपडतोय. ब्रिजेटला त्याच्यात शिष्टपणा दिसतो. वाचकाला दुसऱ्या वाचनात अवघडलेपण दिसतं. जेन ऑस्टिन यांची १८१३ सालची ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ वाचलेल्यांना डार्सी या आडनावावरून पुढचा मार्ग आधीच दिसेल. ब्रिजेटलाही आडनावाची गंमत कळते, तशी ती म्हणतेसुद्धा. पण त्यातून घ्यायचा बोध मात्र घेत नाही.

डॅनिएल क्लीव्हर हा तिचा साहेब. दोघांचं जुळतं ते ऑफिसच्या संगणकावरच्या निरोपांतून. ती आखूड स्कर्ट घालून आलीय, तर हा लिहितो, स्कर्ट घालायला विसरलात वाटतं. ती उत्तर देते आणि उत्तरात गैरहजरला असलेल्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकवते. हे १९९६ साली विनोद म्हणून लिहिलंय आणि खुसखुशीत आहे, यात वाद नाही. पण आज हिंजवडीच्या किंवा खराडीच्या कुठल्याही कंपनीत साहेबाने असा निरोप पाठवला तर प्रकरण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीपुढे जाऊ शकतं. हा भाग वाचताना तरुण वाचक अस्वस्थ होतात, आणि त्यांचं बरोबर आहे. डॅनिएल फसवा आहे हे वाचकाला फेब्रुवारीतच कळतं. ब्रिजेटला कळायला जुलै उजाडतो, तेसुद्धा त्याच्या गच्चीवर ऊन खात पडलेली दुसरी बाई स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर. मधले पाच महिने हाच या पुस्तकाचा सगळ्यात कठीण चढ. मार्च ते मे या प्रकरणांत ती एकच चूक तीनदा करते. पुस्तक सोडून देणारे बहुतेक इथेच सोडतात.

त्यांना एवढंच सांगणं आहे की ऑक्टोबर गाठा.

ऑक्टोबरमध्ये मार्क स्वतःहून तिला जेवायला बोलावतो. ती आवरून, नटून बसते. ठरलेली वेळ होते, टळून जाते, तो येत नाही. डायरीत तासातासाने नोंदी पडत जातात, आधी काळजीच्या, मग रागाच्या, मग ‘मी आहेच अशी’ या नेहमीच्या वळणाच्या. वाचकालाही मार्कचा राग येतो, कारण आपल्याकडे डायरीशिवाय दुसरा पुरावा नाही. पुढे केव्हातरी मार्क भेटतो तेव्हा तोच दुखावलेला असतो. तो वेळेवर आला होता, दारावरची घंटा वाजवत उभा होता, कोणी दार उघडलं नाही. ती तेव्हा केस वाळवत होती. ड्रायरच्या आवाजात घंटा ऐकू गेली नाही. मागे जाऊन ती नोंद पुन्हा वाचली तर ड्रायरचा उल्लेख कुठे नाही, आणि नसणारच, कारण तिच्या लेखी ती काही घडामोड नव्हती. पहिल्या पुरुषात लिहिलेल्या कादंबरीत वाचकाला फसवायचे अनेक मार्ग असतात. इतका साधा आणि इतका प्रामाणिक मार्ग क्वचितच सापडतो. नायिका खोटं बोललेली नाही. तिने फक्त स्वतःबद्दलचा वाईट निष्कर्ष आधी काढला आणि कारण शोधायचं राहून गेलं. तिच्यावर आठ महिने जो राग येत होता त्याचं मूळ नेमकं इथे दिसतं.

दुसरा असाच प्रसंग नोव्हेंबरमधल्या जेवणाचा. मार्क आणि मित्रमंडळी घरी यायचीत, म्हणून ती एका नामांकित शेफच्या पुस्तकातला तीन पदार्थांचा बेत करते: सेलरीचं सूप, भाजलेला ट्यूना मासा, शेवटी साखरेत शिजवलेली संत्री. स्वयंपाकघरात रोज वावरणाऱ्याला हा बेत कुठे कोसळणार ते आधीच दिसतं. सूपच्या स्टॉकसाठी हाडं घालून भांडं तासन् तास उकळायचं, जिनसा दोऱ्याने बांधायच्या. घरात दोरा निळा. आपल्याकडे मसाल्याची पुरचुंडी पांढऱ्या स्वच्छ मलमलमध्ये बांधतात त्याचं कारण हेच. रंगीत सुताचा रंग इतका वेळ उकळल्यावर सुटणारच, पहिल्या धुण्यात नव्या निळ्या साडीचा सुटतो तसा. झाकण काढलं तर सूप झगझगीत निळं. संत्र्यांचं तर त्याहून साधं आहे. सालीत पेक्टिन असतं, त्याला साखर आणि जास्त वेळ आच मिळाली की पाक घट्ट होतो आणि शेवटी मार्मालेड होतं. ट्यूना ऐनवेळी सापडतच नाही. मार्क बाह्या सरसावतो, अंडी विचारतो, ऑम्लेटं करतो, आणि सगळे निळं सूप, ऑम्लेट आणि मार्मालेड आनंदाने जेवतात. कादंबरीत तो तिला पसंत आहे की नाही यावर पानंच्या पानं खर्ची पडलीत. पण त्याला ती आवडते हे कळायला ही ऑम्लेटं पुरेशी आहेत.

आता जे जमलेलं नाही ते. आईचं उपकथानक लांबलंय. ब्रिजेटची आई साठीच्या आसपास अचानक नवऱ्याला सोडते, टीव्हीवर काम मिळवते, जुलिओ नावाच्या पोर्तुगीज माणसाबरोबर फिरू लागते. आई म्हणून ती अप्रतिम उतरलीय. लेकीला नाताळची भेट म्हणून विमानातल्या बायकांसारखी चाकांची बॅग घ्यावी की नको यावर ती जे फोन करते ते कुठल्याही मराठी घरात तसेच्या तसे बसतील. पण जुलिओ माणूस म्हणून उभाच राहत नाही. तो दक्षिणेकडच्या देशांतल्या पुरुषांबद्दलच्या जुन्या थट्टेतून उचललेला पुतळा आहे. मार्कच्या पहिल्या बायकोवरून जपानी लोकांबद्दल जे शेरे मारले जातात तेही खटकतात. ते त्या पिढीच्या बायकांच्या तोंडी आहेत हे खरं, पण बाजूला उभं राहून कोणी त्याला उत्तर देत नाही. तरी हा भाग गाळून पुढे जाऊ नका, कारण मार्क वर्षाच्या शेवटी जे करतो ते जुलिओच्या प्रकरणातूनच निघतं.

वाचायची पद्धत सांगायची तर, पुस्तकात बारा प्रकरणं आहेत, महिन्याला एक. एका बैठकीत संपवू नका. मूळ लेखन १९९५ पासून ‘द इंडिपेंडंट’ या वृत्तपत्रात सदर म्हणून येत होतं, आणि त्याची चाल आठवड्याला एक घास अशीच आहे. सलग शंभर पानं वाचली की तीच तक्रार, तेच आकडे कानाशी भुणभुणतात आणि नायिका आहे त्याहून दुप्पट चिडवते. रोज एक महिना, बारा दिवसांत पुस्तक, हा वेग बरोबर बसतो. प्रत्येक नोंदीत आधी वरचे आकडे वाचा, मग मजकूर. सिगारेटींचा आकडा ज्या दिवशी चढतो त्या दिवशी मजकुरात ती कितीही खंबीर असली तरी विश्वास ठेवू नका. दारूचं एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, म्हणजे नेहमीची पाऊण लिटरची १२ टक्क्यांची वाइनची बाटली नऊ युनिटांची. फोनवर १४७१ फिरवणं हे वारंवार येतं: लँडलाइनवर शेवटचा फोन कोणत्या नंबरवरून आला होता ते सांगणारी ती ब्रिटिश सेवा होती. मिस्ड कॉल दिसणाऱ्या पिढीला हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर अर्ध्या प्रसंगांचा ताण हरवतो.

भाषा अवघड नाही, पण तुटक आहे. ‘मी’ गाळलेला, क्रियापदं अर्धी, शब्दांची लघुरूपं. इंग्रजीत अशी वाक्यं मुद्दाम मोडल्यासारखी लागतात. मराठी कानाला मात्र त्यांची सवय पटकन होते, कारण ‘उठले, परत झोपले, उशीर झाला’ हे आपल्याकडे पूर्ण वाक्य आहे आणि बोलणारी बाई आहे हेही त्यातच कळतं. मोठ्या इंग्रजी कादंबऱ्यांना बिचकणाऱ्या वाचकाने सुरुवात इथून करायला हरकत नाही; पानं तीनशेच्या आसपास आहेत. तीन मैत्रिणींना मिळून वाचायला तर फारच छान, कारण ब्रिजेटशी भांडायला कोणीतरी सोबत लागतं. नायिकेकडून शहाणपणाची अपेक्षा असेल, ती पहिल्या पानापासून कणखर हवी असेल, तर मात्र हे पुस्तक घेऊ नका, मनस्ताप होईल.

प्रत निवडताना थोडं बघून घ्या. डेक्कन, फर्ग्युसन रस्ता या बाजूला जुनी इंग्रजी पुस्तकं मांडलेली असतात, तिथे हे सापडण्यासारखं आहे; डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो तेव्हाही शोधा. जुनी पण अस्सल प्रत चालेल, नवी पण चोरटी प्रत नको. चोरट्या छपाईत कागद पातळ असतो, मागच्या पानाची शाई पुढे दिसते, समास वाकडे येतात, आणि या पुस्तकात जे सगळ्यात मोलाचं, ते नोंदीवरचे बारीक आकडे, पुसट होतात. पुस्तक सहसा सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांनी, बांधलेलं असतं. एक फॉर्म गळला तर कथेतले दोन आठवडे गळतात आणि ब्रिजेट अचानक असं का वागली ते कळेनासं होतं. म्हणून पृष्ठांक सलग आहेत का ते चाळून बघा. आणि शेवटी, डिसेंबरनंतर, वर्षाचा ताळेबंद आहे: किती सिगारेटी, किती कॅलरी, लॉटरीचे किती आकडे बरोबर आले, पाळलेले संकल्प किती. कणा उसवलेल्या प्रतीत सगळ्यात आधी सुटतं ते हेच पान. आता वाचू नका, पण पैसे देण्याआधी ते आहे ना, एवढं उघडून बघा.